मी आलो

माझी आत्ती पंचाहत्तरीची आहे. बेळगावात वडगावच्या घरी बाजारातून परतली की चपला काढायच्या आधीच हाक देते, "मी आलो गं!" आमच्याकडे सगळ्या बायका आलो, गेलो, जेवलो असंच म्हणतात. कोल्हापूरकडेही तेच. त्यात काही वावगं आहे हे मला पुण्यात हॉस्टेलवर कळलं. "आलो? तू काय मुलगा आहेस का?" रूममेट हसून हसून लोळली. त्या दिवसापासून मी बाहेर 'आले' आणि घरी 'आलो' झाले. (लिहिताना 'झाले' लिहिते, मनात 'झालो'च येतं.)

पुढे कधीतरी वाचनात आलं की गम्पर्झ आणि विल्सन या दोघा अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडची बोली तपासून 1971 साली एक निबंध छापला. गावात मराठी, कन्नड, उर्दू शेकडो वर्षं शेजारी नांदलेल्या. त्यांना दिसलं ते गमतीचं होतं: शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याचा सांगाडा तिन्ही भाषांत जवळजवळ एकच झाला. 'पाला जरा कापून घेऊन आलो' हे वाक्य तिथं शब्दाला शब्द ठेवून कन्नडात आणि उर्दूत नेता येतं. आणि कन्नडमध्ये 'नानु बंदे' (मी आलो) बाईही म्हणते, बाप्याही. क्रियापद विचारतच नाही, तू कोण म्हणून. मला एकदम आत्तीचा उंबरा आठवला.

आता हीच आत्ती 1 नोव्हेंबरला काळी साडी नेसते. 1956 साली त्या तारखेला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. आमच्याकडे तो काळा दिवस. आत्ती फेरीला जाते, घसा बसेपर्यंत घोषणा देते, येताना कोपऱ्यावरच्या भाजीवालीला कन्नडात "एष्टु री? कडिमी माडरी" (केवढ्याला? कमी करा) करत मेथी घेते, आणि दारात येऊन सांगते, "जाऊन आलो बाई, पाय दुखायलेत." मराठीसाठी चाललेले पाय, आणि वाक्य निम्मं कन्नडच्या वळणाचं! मी हे तिला एकदा बोलून दाखवलं. "मग? आम्ही मराठीच," म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

फ्रेड्रिक बार्थ नावाच्या नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञानं 1969 मध्ये जे मांडलं, ते थोडक्यात हेच. माणसांच्या गटाची ओळख आतल्या सामानावरून ठरत नाही, तो गट रेघ कुठं ओढतो त्यावरून ठरते. सामान इकडून तिकडं जातच असतं. अण्णा, अक्का हे शब्द कन्नडातले, हे आपल्याकडच्या किती अण्णांना ठाऊक असेल?

जग एक झालं की बोली पुसल्या जातील असं मलाही वाटायचं. पण भाचा हल्ली 'काय करायलास?' म्हणत रील बनवतो, आणि दुबईत बसलेली बेळगावची पोरं त्याखाली हसून हसून बेजार होतात. ज्या बोलीची मला हॉस्टेलवर लाज वाटली, तिच्यावर हा लाइक गोळा करतो. थोडा हेवा वाटतो, खोटं कशाला बोला.

परवा ऑफिसात असताना आत्तीचा व्हिडिओ कॉल आला. कॅमेऱ्यात तिचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसत होतं. कुंदा पाठवलाय, एवढं सांगून म्हणाली, "बरं, ठेवतो आता."

"ठेव. दिवाळीला येतो मी."

शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मान वर करून बघितलं.