मुंब्र्याचे वळण
लोकलच्या दारातून पडलेल्या त्या मुलीची पर्स माझ्या खांद्याला घासून गेली होती. आज मुंब्र्याच्या वळणावर गाडी कलली तेव्हा तोच स्पर्श, ‘तू हात का नाही धरलास?’ या प्रश्नासकट, पुन्हा अंगावर आला. पूर्वी मी असे विचार दाबत असे, पण मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ मधील प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलेल्यांना तेच वारंवार आठवत राहिले, हे समुपदेशक बाईंकडून कळल्यापासून मी असे विचार येऊ देते. दोष स्वतःकडे घेतला की घटना आपल्या हातात होती असे तरी वाटते, म्हणूनच बहुधा मन तो सोडत नाही. प्रत्यक्षात त्या गर्दीत माझे दोन्ही हात कडीला अडकलेले होते. डोंबिवलीपर्यंत छाती धडधडली, तरी मी मध्येच उतरले नाही. ज्यांना असेच काही छळते, त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.