नाणी पाहण्यासाठी भिंग निवडताना

नाण्यांचा संग्रह नव्याने सुरू करणारा माणूस बहुधा ‘किती पटीचे भिंग घेऊ?’ असे विचारतो, आणि जितकी पट जास्त तितके नाणे चांगले कळेल, ही समजूत त्या प्रश्नामागे असते. मीही याच समजुतीने माझे पहिले भिंग घेतले. त्याच्या धातूच्या आवरणावर ‘३०×, २१ मिमी’ असे कोरलेले होते. त्यातून नाण्याच्या कडेची अक्षरे वाकलेली दिसत, उठावाभोवती निळसर-तांबूस झालर दिसे, आणि दोष माझ्या नजरेचा असावा असे मला वाटत राही.

पुढे एकदा मी त्या भिंगाने खिडकीची प्रतिमा समोरच्या भिंतीवर पाडून पाहिली. भिंतीजवळ धरलेले भिंग हळूहळू मागेपुढे केले की एका जागी खिडकीबाहेरचे दृश्य उलटे पण रेखीव उमटते. भिंग आणि भिंत यांच्यातले ते अंतर म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर होय, आणि २५० मिलिमीटरला त्या अंतराने भागले की भिंगाची खरी पट मिळते. माझ्या भिंगाचे अंतर २८ मिलिमीटर भरले, म्हणजे ते जेमतेम ९ पटीचे होते. ३० पटीसाठी नाभीय अंतर ८ मिलिमीटरच्या आसपास लागते, आणि २१ मिलिमीटर व्यासाचा साध्या काचेचा अख्खा गोळा घेतला तरी तो सुमारे १६ पटीच्या पुढे जात नाही. तेव्हा रुंद भिंगावर फार मोठी पट छापलेली दिसली, तर ते भिंग घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

नाण्याची प्रत ठरवायची असेल तर ५ ते ७ पटीचे भिंग पुरते, किंबहुना तेच योग्य ठरते. झीज किती आहे, मूळ चकाकी किती उरली आहे, घावांच्या खुणा कुठे पडल्या आहेत, हे सारे संपूर्ण नाणे किंवा त्याचा मोठा भाग एका नजरेत आला तरच तोलता येते. पट वाढली की दिसणारे क्षेत्र लहान होते, नाण्यावरच्या चेहऱ्याचा गाल स्पष्ट दिसत असताना मागचा सपाट भाग धूसर होतो, आणि भिंग नाण्याच्या इतके जवळ न्यावे लागते की उजेडच अडतो. ५ पटीला हे अंतर सुमारे ५० मिलिमीटर असते, १० पटीला २५ आणि २० पटीला अवघे साडेबारा. नाणे प्लास्टिकच्या जाड डबीत असेल, तर त्यातलेही काही अंतर डबीच खाऊन टाकते. शिवाय २० पटीच्या भिंगातून एकही नाणे निर्दोष दिसत नाही. उत्तम स्थितीतले नाणेही खरवडल्यासारखे वाटते आणि नवखा संग्राहक ते नाहक नाकारतो.

१० पटीच्या भिंगाचे काम निराळे आहे. अमेरिकेच्या १९५५ सालच्या काही लिंकन सेंटांवरची दुहेरी अक्षरे आणि अंक नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पण असे दुहेरीपण बहुतेक वेळा फार बारीक असते. मूळ डायमध्येच, म्हणजे नाण्यावर ठसा उमटवणाऱ्या साच्यातच, दुहेरीपण असेल, तर अक्षरांच्या टोकांना फाटा फुटल्यासारखा दिसतो आणि दोन्ही प्रतिमांना नेहमीची गोलाई असते. ठसा उमटल्यानंतर डाय किंचित सरकून झालेले दुहेरीपण मात्र सपाट पायरीसारखे दिसते व त्याला तितके मोल नसते. मागाहून चिकटवलेल्या टांकसाळीच्या खुणेभोवतीचा सांधा आणि ओतीव बनावट नाण्यावरचे बुडबुड्यांचे बारीक खड्डे शोधायलाही हेच भिंग कामी येते.

१० पटीचे भिंग घेताना ते तीन काचा एकत्र चिकटवून केलेले, म्हणजेच ट्रिप्लेट असावे. एकेरी काचेत कडेला जी वक्रता आणि रंगांची झालर येते, ती या रचनेत बहुतांशी नाहीशी होते. घेण्यापूर्वी आलेख कागद पाहावा: चौकटीच्या रेषा भिंगाच्या कडेपर्यंत सरळ आणि काळ्याच राहिल्या, तर भिंग चांगले.

भिंगाइतकेच महत्त्व मी उजेडाला देतो. माझ्याकडे आलेले चांदीचे एक नाणे भिंगात बसवलेल्या दिव्यांच्या कड्याखाली स्वच्छ आणि तेजस्वी दिसले, कारण चहूबाजूंनी येणारा उजेड बारीक ओरखड्यांची सावलीच पडू देत नव्हता. तेच नाणे मी टेबलावरच्या एकाच दिव्याखाली धरले, ५ पटीच्या भिंगातून पाहत सावकाश कलते केले, आणि चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा उजळून निघाल्या; कोणीतरी ते नाणे कापडाने घासले होते. न घासलेल्या, न झिजलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा अखंड फिरतो, कारण ठसा बसताना धातू केंद्राकडून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. हा पट्टा गालाच्या किंवा केसांच्या उंचवट्यावर तुटला, तर तिथे झीज सुरू झाली असे समजावे.

भिंग डोळ्याजवळ धरावे, हात गालाला टेकवावा आणि नाणे वर आणत स्पष्ट दिसेल तिथे थांबवावे. भिंग नाण्यावर खाली नेऊ नये. दुसरा डोळा उघडा ठेवला तर थकवा कमी येतो. नाणे फक्त कडेने धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे, कारण लक्ष भिंगात असतानाच ते बोटांतून निसटते. आज माझ्या टेबलावर ७ पटीचे रुंद भिंग कायम असते व १० पटीचे ट्रिप्लेट खणात असते. आधी पहिल्यातून सगळे नाणे पाहतो, आणि एखादी जागा खटकली तरच दुसरे काढतो.