दोन इंटरनेट लाइन, एक राउटर: डीएनएसची प्रगती

मागच्या नोंदीपर्यंत फायबर आणि फोर-जी या दोन्ही लाइन ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची खुली प्रणाली) असलेल्या राउटरवर चालू झाल्या होत्या आणि एमवॅन३ हा प्रोग्रॅम फेलओव्हर, म्हणजे एक लाइन पडली की दुसरीवर जाणे, सांभाळत होता. तरीही फायबरची केबल राउटरमधून काढली की आयपी पत्त्याला पिंग (पोहोच तपासणारा संदेश) लागत असे, पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नसे. मार्ग शाबूत होता, पण डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी व्यवस्था, चालत नव्हती.

कारण 'डिग' या डीएनएस तपासण्याच्या साधनाने दाखवले. राउटरवर डीएनएसचे प्रश्न पुढे पाठवणाऱ्या डीएनएसमास्क या प्रोग्रॅमच्या यादीत मी फायबर सेवादात्याचेच दोन रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधून देणारे सर्व्हर) घातले होते आणि फोर-जीवरून विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ते 'रिफ्यूज्ड' (नकार) असे उत्तर देत होते. सेवादात्याचा रिझॉल्व्हर सहसा स्वतःच्या ग्राहकांनाच उत्तर देतो, आणि ते योग्यच आहे, कारण सर्वांना खुला असलेला रिझॉल्व्हर खोटा स्रोतपत्ता लावून तिसऱ्याच कोणावर मारा करण्यासाठी वापरता येतो. म्हणून फोर-जीचे रिझॉल्व्हरही यादीत घेतले आणि प्रत्येक पत्त्यापुढे '@' लावून त्याच्या लाइनच्या इंटरफेसचे (राउटरवरील जोडणीचे) नाव लिहिले, जेणेकरून प्रश्न ज्याचा त्याच्याच वाटेने बाहेर पडेल. केबल काढून पाहिली, तर पाने लगेच उघडली.

पण केबल काढणे ही खरी परीक्षा नव्हे, हे मला उशिरा उमगले. लाइन प्रत्यक्षात तुटते तेव्हा मोडेम चालूच असतो आणि राउटरला इंटरफेस जिवंत दिसतो. दुसऱ्या वेळी मोडेमच्या मागची फायबर काढली, एलओएसचा (सिग्नल नसल्याचा) दिवा लाल झाला, आणि लिनक्सच्या संगणकावर पहिल्या नावाला पाच सेकंद लागले. डीएनएसमास्क आधी नीट चाललेल्या रिझॉल्व्हरकडेच प्रश्न पाठवतो आणि संगणकाने तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर सर्वांकडे वळतो. जीलिबसीमध्ये (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत) ही पुन्हा विचारण्याची मुदत मुळातच पाच सेकंदांची आहे.

'ऑल-सर्व्हर्स' हा पर्याय लावला की प्रश्न एकाच वेळी सर्वांकडे जातो, पहिले उत्तर स्वीकारले जाते आणि ही प्रतीक्षा संपते. दोन दिवस तो वापरून मी काढून टाकला. व्हिडिओ किंवा अपडेट पुरवणारी मोठी सीडीएन जाळी (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून तीच सामग्री देणारी) प्रश्न कोणत्या रिझॉल्व्हरकडून आला हे पाहून जवळच्या सर्व्हरचा पत्ता देतात, आणि काही वेळा तो सर्व्हर सेवादात्याच्या स्वतःच्या जाळ्यातच असतो. उत्तर फोर-जीच्या रिझॉल्व्हरकडून आले आणि डेटा फायबरवरून गेला, तर जवळचा म्हणून मिळालेला सर्व्हर दूरचा ठरतो. माझ्या मते दोन लाइनच्या घरात डीएनएसचा खरा गुंता हाच आहे: नाव ज्या लाइनवरून विचारले, डेटाही त्याच लाइनवरून गेला पाहिजे.

सध्याची मांडणी त्यावरच बेतलेली आहे. एमवॅन३ने लाइन बदलली की त्याची यूजर स्क्रिप्ट 'सर्व्हर्स-फाइल'मध्ये फक्त चालू लाइनचे रिझॉल्व्हर लिहिते आणि डीएनएसमास्कला 'सिगहप' हा सिग्नल पाठवते. त्या एका सिग्नलने ती फाइल पुन्हा वाचली जाते आणि कॅशेही (साठवलेली जुनी उत्तरे) रिकामी होते. हे दुसरे काम तितकेच महत्त्वाचे आहे, नाहीतर जुन्या लाइनसाठी मिळालेले पत्ते टीटीएल (उत्तर साठवून ठेवण्याची मुदत) संपेपर्यंत वाटले जातात. ब्राउझरची स्वतःची कॅशे यातून सुटते, पण ती अल्पकाळ टिकत असल्याने मी तिच्या मागे लागलो नाही. एमवॅन३ने पिंग करायचे पत्तेही सेवादात्याच्या गेटवेच्या (त्याच्या जाळ्यातील पहिल्या यंत्राच्या) पलीकडचे ठेवले आहेत, कारण गेटवे जिवंत असूनही पुढची वाट बंद असू शकते.

टीव्हीने मात्र स्वतःचा रिझॉल्व्हर आत पक्का करून ठेवला आहे. त्याचे पोर्ट ५३ वरचे (साध्या डीएनएसचे) प्रश्न फायरवॉलने राउटरकडे वळवायचे काम आता हाती घेतले आहे. ब्राउझरमधील एचटीटीपीएसवरचे डीएनएस या नियमाला सापडत नाही, कारण ते पोर्ट ४४३ वरून जाते. ते प्रत्येक संगणकावर हातानेच बंद करावे लागणार आहे.