तुम्ही विचारलंत म्हणून: "आम्ही त्यांच्यासाठी काय करू?"

"ओळखीतल्यांच्या मुलीला ब्लड कॅन्सर निघालाय. आम्ही त्यांच्यासाठी काय करू?" माझ्या मुलावर परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार झाले, हे ठाऊक असलेली माणसं मला हे हमखास विचारतात. विचारणाऱ्याचा जीव खरंच तुटत असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा ब्लड कॅन्सर म्हणजे एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). त्याचे उपचार साधारण दोन-अडीच वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने जोराची केमो, मग मेंटेनन्स, म्हणजे घरी रोजच्या गोळ्या आणि तारखेला तपासणी. माणसांची रीघ मात्र पहिल्या महिन्यात लागते. मेंटेनन्समध्ये पोराच्या डोक्यावर केस परत येतात आणि लोकांना वाटतं, सुटले बिचारे. नेमकी तेव्हाच बापाची रजा संपलेली असते, दागिने गहाण पडलेले असतात आणि आई थकलेली असते. म्हणून माझं एकच सांगणं आहे: झेपेल ते एक काम धरा, पण ते शेवटपर्यंत धरा. "काही लागलं तर सांगा" म्हणून जाऊ नका. कुणीच सांगत नाही. त्या दिवसांत काय हवंय ते आठवून सांगणं हेही एक कामच होऊन बसतं.

रक्ताचंच बघा. माझे दीर लालबागला राहतात. मुलाला प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी, लागणार असं कळल्यावर त्यांच्या मंडळाची पोरं त्याच दिवशी सगळी मिळून यायला निघाली. रक्तपेढीतल्या ताईंनी समजावलं, प्लेटलेटची पिशवी पाच दिवसच टिकते, तीही सतत हलती ठेवावी लागते. आज सगळ्यांनी देऊन पुढच्या आठवड्यात काय करणार? मग दिरांनी वहीत नावं लिहिली, वजन, रक्तगट, कामाची पाळी, आणि वार वाटून दिले. प्लेटलेट द्यायला एका हाताची शीर मशीनला जोडून दीड-दोन तास पडून राहावं लागतं. आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही. एवढं करून रात्रपाळीला जाणारी पोरं होती ती. रक्त दिलं की पुरुषांना तीन महिने थांबावं लागतं, पण प्लेटलेट काही दिवसांत पुन्हा देता येतात. त्यामुळे तीच चार-पाच नावं फिरून फिरून यायची. त्यांचे उपकार मी कशानं फेडू?

पैशाबद्दल विचारता, तर तेही सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा मोठा भार हलका होतो. रेल्वेत पेशंटला आणि सोबतच्या माणसाला सवलत मिळते. पण मुंबईतलं राहणं, खाणं, बुडालेली मजुरी याला कुठलीच योजना पुरत नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं, अशा राहायची सोय करणाऱ्या ठिकाणांच्या आधारावर कितीतरी घरं तगून राहतात. आणि जागा मिळाली नाही, पैसा संपला म्हणून उपचार अर्धवट टाकून गावी परतलेली घरंही मी पाहिली आहेत. बरं होऊ शकणारं पोर असं परत जाताना बघवत नाही. तेव्हा भेटायला येऊन हातात पाकीट ठेवण्यापेक्षा दर महिन्याला थोडी रक्कम पाठवत राहा. शंभर-दोनशे असली तरी चालेल, पण ती येणार याचा भरवसा हवा.

भेटायला जायचं तर आधी फोन करा. केमोनंतर काउंट पडतात, म्हणजे रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा तुमची साधी सर्दीसुद्धा पोराला आयसीयूत नेऊ शकते. फुलं नेऊ नका. द्राक्षं नकोत, केळी, मोसंबी अशी साल काढून खायची फळं न्या, तीही विचारून. अंगारा, काढे, अमक्या गावचं औषध यातलं काहीच नको. तुमची श्रद्धा मी समजू शकते, पण त्या आईला रोज कुणाला तरी नाही म्हणावं लागतं आणि त्यातून माणसं दुखावली जातात, याचा तिला फार त्रास होतो.

काउंट कमी असताना ताप आला तर सकाळपर्यंत थांबता येत नाही, तासाभरात हॉस्पिटल गाठायला लागतं. आम्ही कराडला परतल्यावर समोरच्या भाऊंनी गाडी रोज रात्री गल्लीच्या तोंडाशी, बाहेरच्या बाजूला तोंड करून लावायला सुरुवात केली. "वहिनी, दोन वाजले तरी हाक मारा," एवढंच म्हणाले. मेंटेनन्स संपेपर्यंत ती गाडी तिथेच लागायची.

आणि घरात दुसरं मूल असेल तर त्याला विसरू नका. आम्ही मुंबईत होतो तेव्हा माझी थोरली शेजारच्या काकूंकडे होती. वेणी घालणं, डबा, पालकसभा सगळं काकूंनी केलं. भेटणारा प्रत्येक जण तिला "भाऊ कसा आहे?" विचारायचा. काकू तिला आधी तिच्या गणिताच्या पेपरबद्दल विचारायच्या.