सकाळच्या शुद्ध हवेची गोष्ट

पहाटे उठून मोकळ्या हवेत फिरावे, ही शिकवण आपल्यात इतकी मुरली आहे की डिसेंबरात शिवाजी पार्कला खोकत खोकत फेऱ्या मारणाऱ्यांनाही तिच्याबद्दल शंका येत नाही. मुंबईपुरते बोलायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सर्वांत शिळी हवा बहुधा याच वेळेची असते.

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवून पाहा. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे, रात्री जमिनीकडून वाहतात ते मतलई. मुंबईची हवा धुण्याचे काम खाऱ्या वाऱ्यांचे. उन्हाळ्यात ते दहा-अकरालाच कामावर हजर असतात. थंडीत दुपार होते, आणि तेव्हाही जोर बेताचाच. रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वरची तुलनेने उबदार राहते. पातेल्यावर झाकण बसावे तशी ही उबदार हवा वर बसते. भर पहाटे हे झाकण जेमतेम काहीशे मीटरवर असते आणि त्याखाली रात्रीच्या ट्रकांचा धूर, बांधकामांची धूळ, लाकडावर चालणाऱ्या बेकऱ्यांच्या भट्ट्या, वॉचमनची शेकोटी असे सगळे कोंडलेले. ऊन चढून झाकण सैल होईपर्यंत हे आपल्या नाकाच्याच उंचीवर.

खारे वारे उशिरा आले हे ओळखायची सोपी खूण म्हणजे सांताक्रूझ वेधशाळेचे कमाल तापमान. भर थंडीत ते पस्तीसच्या वर गेले, तर वाऱ्याने दांडी मारली असे बेलाशक समजावे. फिरायचेच असेल तर दुपारी चार ते सूर्यास्त, तेही समुद्राच्या बाजूने.

मग आकड्यांचे भांडण. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाचा हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक शंभर, दुसऱ्याचा दीडशेच्या वर, आणि दोघेही खरे असू शकतात. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय मोजपट्टी १०० दाखवते आणि 'समाधानकारक' म्हणते. अमेरिकी पट्टीवर तीच हवा १५० ओलांडते. शिवाय आपला अधिकृत निर्देशांक २४ तासांच्या सरासरीचा, त्यामुळे दुपारी आकाश स्वच्छ दिसत असताना आकडा आदल्या रात्रीचा राग धरून बसलेला असतो. खिडकी उघडायची की नाही, हे ठरवायला पीएम २.५चा ताशी आकडा बघावा. घरगुती स्वस्त यंत्रावर मात्र धुक्यात विसंबू नये. हवा फार दमट असली की ओलाव्याने फुगलेले कण त्याला जास्त वजनाचे वाटतात.

मोठ्या बांधकामांभोवती किमान ३५ फुटी पत्रे लावायचा महापालिकेचा नियम २०२३चा. चांगला आहे, पण विसाव्या मजल्यावर ग्राइंडर चालतो तेव्हा धूळ पत्र्याची उंची विचारत नाही.

घरात करण्यासारखे बरेच आहे. रात्रीपासून सकाळी दहा-अकरापर्यंत खिडक्या बंद, वारा फिरला की सताड उघड्या. कोरडा झाडू मारण्याआधी ओले फडके. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याच्या जाळीत फक्त जाड धूळ अडकते.

एअर प्युरिफायर घ्यायचा तर हिशेब करून घ्या. दहा बाय बाराची, नऊ फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३० घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे यंत्र किती स्वच्छ हवा देते तो आकडा, तासाला किमान १५० घनमीटर असावा. मंद वेगावर तो बराच घटतो, म्हणून थोडा मोठाच घ्यावा. सोफ्यामागे कोंबला तर यंत्र स्वतःपुरती हवा शुद्ध करते. उदबत्ती आणि डासांची कॉइल लावून प्युरिफायर चालू करणाऱ्यांना काय सांगणार!

प्युरिफायरची बाहेरची जाळी पंधरवड्याला साफ करावी, शेजारी इमारत उठत असेल तर आठवड्याला. आतला हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण अडवणारी गाळणी, सहसा कागदासारख्या बारीक तंतूंचा असतो. धुतला की तो बिघडतो. दुकानदार म्हणेल, "धुतला तरी चालतो." पुस्तिकेत तसे छापलेले नसेल, तर चालत नाही.