५० आणि ६४ पॅरलल, उत्तर ८३

एका कॉइलचा रेझिस्टन्स ३० ओहम आणि इंडक्टन्स १२७ मिलिहेन्री. तिला ५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पॅरलल जोडला. सप्लाय २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मिळून इम्पिडन्स, म्हणजे एसीला होणारा एकूण अडथळा, किती?

कॉइलचा रिॲक्टन्स (इंडक्टन्समुळे एसीला होणारा अडथळा) ३१४ × ०.१२७, म्हणजे ४० ओहम; ३१४ म्हणजे २ × पाय × ५०. म्हणून कॉइल ३० + जे४० (जे म्हणजे ९० अंश वळवणारा गुणक, उणे एकचं मूळ), आकाराने ५० ओहम. कपॅसिटर ६३.७ ओहम. इथवर सगळे विद्यार्थी बरोबर येतात. मग डीसीची सवय आड येते: गुणाकार भागिले बेरीज, उत्तर २८ ओहम, करंट ८.२ अँपिअर. तारेभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मात्र दाखवतो २.७६!

पॅरललमध्ये सरळ ॲडमिटन्स, म्हणजे १ भागिले इम्पिडन्स, घ्यावा; त्याचं एकक सीमेन्स. कॉइलचा (३० − जे४०) भागिले २५००, म्हणजे ०.०१२ − जे०.०१६ सीमेन्स. कपॅसिटरचा + जे०.०१५७. बेरीज केली की जेचे पद जवळजवळ उडतं, ०.०१२ उरतात. उलटे केले की ८३.३ ओहम. दोन्ही शाखांपेक्षा मोठा इम्पिडन्स, कारण कॉइलच्या ४.६ अँपिअरमधला मागे राहणारा भाग कपॅसिटरच्या ३.६ अँपिअरने खाल्ला.

१ भागिले जे म्हणजे उणे जे. हे उणे चिन्ह चुकलं की कपॅसिटरही कॉइलसारखा वागतो आणि उत्तर पुन्हा तीसच्या आसपास येतं. शिवाय कोन अंशात टाकताना कॅल्क्युलेटर रेडियनवर नाही ना, ते बघा.

प्रत्यक्षातली कॉइल मल्टिमीटरने मोजू नका. तो फक्त तारेचा डीसी रेझिस्टन्स सांगतो. लोखंडी गाभा असेल तर त्यातला लॉसही रेझिस्टन्स म्हणूनच मोजला जातो आणि इंडक्टन्स करंटप्रमाणे बदलतो. त्यामुळे चालू लोडवर वॉटमीटर लावावा: ६३५ वॉट भागिले ४.६ चा वर्ग, म्हणजे ३० ओहम. २३० भागिले ४.६ म्हणजे ५०. ५० आणि ३० च्या वर्गांच्या वजाबाकीचं मूळ ४०, तोच रिॲक्टन्स. कपॅसिटर एसीचाच, ४४० व्होल्टचा घ्या; २३० ची शिखरं ३२५ पर्यंत जातात. हात लावण्याआधी डिस्चार्ज करा.

आणि हे ८३ ओहम फक्त ५० हर्ट्झला. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरमध्ये १५० हर्ट्झचा भागही असतो. त्याचा करंट कॉइलमधून जेमतेम जातो, कपॅसिटर २१ ओहमवर येतो आणि जोडीचा इम्पिडन्स साधारण २५. घरच्या लाइनवर थंड असलेला कपॅसिटर इन्व्हर्टरवर तापतो, तो यामुळे.