खडकीचे मामा आणि पोतंभर स्टड

फुटबॉलसाठी पुण्याला चाललोय म्हटल्यावर कोल्हापुरात मित्र हसले. पेठापेठांत तालमींचे संघ, पाटाकडील-दिलबहार सामन्याला शाहू स्टेडियम खच्चून भरलेलं. हे सोडून पुणं कशाला? पण माझी आत्या खडकीला दिलेली, आणि मामा म्हणजे तिचे यजमान तिथल्या दारूगोळा कारखान्यात लागले ते फुटबॉलच्या जोरावर. आता रिटायर होऊन पोरांना शिकवतात. ते एकदा बघायचंच होतं.

पुणे स्टेशनवरून लोणावळा लोकल धरली. शिवाजीनगरच्या पुढचं स्टेशन खडकी. नाव ऐकलं की शाळेच्या पुस्तकातली १८१७ ची लढाई आठवते. उतरल्यावर दिसतात लष्कराच्या लांबच लांब भिंती आणि जुनी झाडं. कारखाना १८६९ चा, म्हणजे मामांच्या सगळ्या पिढ्यांपेक्षा जुना.

रविवारी उजाडायच्या आत मामांबरोबर मैदानावर. त्यांनी सायकलवरून एक पोतं उतरवलं आणि जमिनीवर ओतलं. सगळे वापरलेले स्टड, म्हणजे तळाला खुंट्या असलेले फुटबॉलचे बूट! जोड्या सुतळीनं बांधलेल्या, टाचेवर मार्करनं नंबर. पोरं येऊन आपापल्या मापाचे शोधत होती. एकाला डावा सैल होत होता, तर मामांनी आत वर्तमानपत्राची घडी सरकवली, नाडी घोट्याभोवती दोनदा फिरवून आवळली आणि म्हणाले, "पळ आता, बातमी फाटेस्तोवर." मग पंपाची सुई जिभेला लावून चेंडूत खुपसली. कोरडी सुई ब्लॅडर फोडते म्हणे.

मामा सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीत खेळणारे. त्यांच्या तरुणपणी चामड्याचा चेंडू पावसात भिजून धोंडा व्हायचा, तो डोक्यावर घेतला की संध्याकाळपर्यंत कान वाजत. मुंबईला कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने बघायला जाणं ही तेव्हाची चैन. घरी कप आहेत, पण आत्यानं त्यांत मेथीदाणे नि जिरं भरून ठेवलंय. "तुझे मामा संसारात बदली खेळाडू म्हणून आले रे," ती म्हणाली. "दोन्ही बाळंतपणांना टूर्नामेंट!" मामा चहा ओतत राहिले. मला विचाराल तर ट्रॉफ्यांवर तिचंही नाव हवं.

दुपारी बालेवाडीला गेलो. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेलं भलंमोठं क्रीडासंकुल. इथं पुणे एफसी ही टीम खेळायची; २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल साखळी स्पर्धेत, ती दुसरी आली, तेव्हा मामा पोरांना घेऊन बसनं यायचे. जपानात जन्मलेला, पुढं भारताचा नागरिक होऊन भारताकडून खेळलेला त्या टीममधला अराता इझुमी मामांचा लाडका. मग आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगची एफसी पुणे सिटी आली, २०१९ मध्ये तीही गुंडाळली. एवढ्या मोठ्या शहराला एक संघ टिकवता येऊ नये, याचा मला कोल्हापूरकर म्हणून जरा जास्तच राग येतो. मामांना येत नाही. त्यांना काळजी मैदानाच्या कडेला पडलेल्या राडारोड्याची. कोरोनात बोपोडीच्या गल्ल्यांत शिधा पोचवायला त्यांची हीच पोरं होती; आता त्यांच्याकडूनच हा राडारोडा उचलून घ्यायचा बेत आहे.

निघताना स्टेशनवर सोडायला आले. गाडी हलली तरी खिडकीशी चालत सांगत होते, "तुमच्या तालमीत विचार, लहान मापाचे जुने स्टड पडून असतील. तीन-चार नंबर. आणि हे बघ, आत्याच्या हातात देऊ नकोस, सरळ मैदानावर आण!"